करून बघा म्हणण्यापूर्वी

फाउंड्रीत मेंटेनन्सला होतो तेव्हा हाताखाली शिकायला आलेला पोरगा कायम नजरेसमोर असायचा. त्याचा हात नको तिथे चालला की मी जागेवरून ओरडायचो आणि काम तिथंच थांबायचं. निवृत्तीनंतर मी घरगुती दुरुस्तीचे आणि घरी करायच्या वस्तूंचे व्हिडिओ मराठीत करतो, सोबत कृती लिहूनही देतो. पंख्याचा कंडेन्सर बदलणं, मिक्सरचे कार्बन घालणं, जुन्या लाकडाचं टेबल, घरचा साबण. बघणारा चंदगडला असतो, नांदेडला असतो, एखादा दुबईत. त्याचा हात मला दिसत नाही आणि माझं ओरडणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग जे ओरडायचं ते आधीच ओरडून ठेवावं लागतं, तेही नेमक्या जागी. हे काम व्हिडिओ करण्यापेक्षा जास्त वेळ खातं. त्यातून जे कळत गेलं ते मांडतो. माझा विषय मुख्यतः विजेचा, म्हणून उदाहरणंही तिकडची जास्त.

१. बघणाऱ्याच्या घरातली वायरिंग आपल्या घरातली नसते

“आधी बटण बंद करा” हे वाक्य विजेच्या प्रत्येक व्हिडिओत असतं. पण आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत वायरमनने बटण फेजवर न टाकता न्यूट्रलवर टाकलेलं असतं. बटण बंद केलं की दिवा विझतो आणि होल्डरमध्ये फेज तशीच राहते. बरं, “मेन बंद करा” म्हणावं, तर लोडशेडिंगच्या काळापासून घरोघरी इन्व्हर्टर आलेत. मेन पाडला की इन्व्हर्टर इमानेइतबारे सुरू होतो, आणि आपण ज्या पॉइंटवर काम करणार तोच नेमका त्याच्या लाइनवर असतो.

म्हणून माझ्या कृतीत हा भाग लांबलचक असतो. मेन बंद करायच्या आधी त्याच पॉइंटवर टेस्टर लावून तो पेटतो हे बघायचं. मग मेन बंद, मग इन्व्हर्टर बंद. मग त्याच टेस्टरने त्याच जागी, दिसणाऱ्या प्रत्येक वायरला लावून बघायचं. एकाच नाही, प्रत्येक वायरला. आधी पेटलेला आणि आता न पेटणारा टेस्टर यावरच काय तो विश्वास. खिशातून काढला आणि पेटला नाही, तर वीज गेली आहे की टेस्टर गेला आहे हे कुणाला कळणार? प्रेक्षकांना हे सगळं कंटाळवाणं वाटतं, त्यांना पंखा फिरलेला बघायचा असतो. कंटाळू देत.

दुसरी अडचण परदेशी व्हिडिओंची. अमेरिकेत घरातली काळी वायर फेजची असते आणि पांढरी न्यूट्रलची. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. नव्या कॉर्डमध्ये तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. तिकडच्या घरात १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिकडची कृती जशीच्या तशी मराठीत बोलून दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यांची मराठी चांगली असते, कॅमेरा माझ्यापेक्षा चांगला असतो, आणि काळी वायर उलटी असते.

२. हाताला जे माहीत असतं ते तोंडातून निघत नाही

ग्राइंडर सुरू करताना मी डिस्कच्या रेषेत उभा राहत नाही. का, असं कुणी विचारलं तर सांगेन. पण आपणहून सांगायचं सुचणार नाही. पाय आपोआप बाजूला सरकतो, त्याला माझी परवानगी लागत नाही. नवी डिस्क लावली की ती थोडा वेळ रिकामी फिरवायची. तिच्यावर छापलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नकोत, कारण चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे मारतो आणि कमी ताकदीची डिस्क त्या वेगाला फुटते. डिस्कवर मुदतीची तारीख असते, तीही बघायची. यातलं काहीच मी ‘आठवून’ करत नाही, म्हणून ते लिहायचं राहतं. तरबेज माणसाची कृती वाचताना मला हीच भीती वाटते. त्याने लपवलेलं काही नसतं, पण अर्धं काम त्याच्या अंगातच राहिलेलं असतं.

यावर मला सापडलेला उपाय एकच. कृती लिहून झाली की ती अशा माणसाला द्यायची ज्याला त्या कामातलं काही येत नाही. त्याने ती वाचत वाचत करायची, अर्थात प्लग काढून ठेवून, आणि आपण शेजारी गप्प बसायचं. माझी भाची या कामाला उत्तम. तिला यातलं काही कळत नाही आणि मामाला अडवायला ती लाजत नाही. “मामा, ही डिस्क उलटी-सुलटी असते का?” “नट घट्ट म्हणजे किती घट्ट?” “हा पाना कुठला, तू नावच सांगितलं नाहीस.” तिचा प्रत्येक प्रश्न म्हणजे कृतीत राहिलेली एक ओळ. जिथे ती न विचारता बेधडक पुढे जाते आणि माझा हात तिला थांबवायला उठतो, तिथे लाल अक्षरातली ओळ. गप्प बसणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे, विशेषतः ज्याने आयुष्यभर पोरांवर ओरडण्यात घालवलंय त्याला.

३. “हातमोजे घाला, काळजी घ्या” म्हणजे काही न सांगणं

कधीकधी तर ते उलटं पडतं. ड्रिल, लेथ, जे जे फिरतं त्याच्याजवळ सैल सुती हातमोजा घातला आणि त्याचा धागा बिटात अडकला, तर मोजा हाताला सोबत घेऊन जातो. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नका, असं आम्ही नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचो. कॉस्टिक सोड्याला मात्र रबरी मोजे हवेतच. पत्रा उचलताना जाड मोजे हवेत, तोच पत्रा ड्रिलखाली धरताना नकोत. तिथे शिकंजा लावायचा. नाकाला बांधलेला रुमाल लाकडाच्या भुशाला थोडाफार अडवतो, थिनरच्या वाफेला अजिबात नाही. कुठल्या पायरीला काय, ते नाव घेऊन सांगायचं. व्हिडिओच्या सुरुवातीला एकदा “सेफ्टी फर्स्ट” म्हणून टाकणारे लोक देवाला उदबत्ती ओवाळल्यासारखं ते म्हणतात, आणि मग कामाला लागतात.

४. सूचना हात असेल तिथे

साबणाची कृती घ्या. बहुतेक ठिकाणी वर एक चौकट असते: कॉस्टिक सोडा धोकादायक आहे, काळजीपूर्वक हाताळा. मग खाली पायऱ्या. पण कृती करणारी बाई ओल्या हाताने फोन पुढे सरकवत असते. तिच्या समोर एका वेळी एकच पायरी असते, आणि चौकट केव्हाच वर गेलेली असते. म्हणून धोका त्या पायरीच्याच वाक्यात यायला हवा, आणि क्रियेच्या आधी यायला हवा. मी असं लिहितो: स्टीलच्या भांड्यात आधी थंड पाणी घ्या, ॲल्युमिनियमचं, म्हणजे जर्मनचं पातेलं घेतलं तर सोडा ते खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. आता सोडा थोडा थोडा पाण्यात सोडा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते क्षणात उकळून तोंडावर उडतं. वाक्यं लांब होतात. पण कारण सांगितलं की माणूस ऐकतो. नुसतं ‘नको’ म्हटलं की त्याला वाटतं, एवढ्याने काय होतंय.

याच साबणात आणखी एक मेख आहे. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण अठरा ग्रॅम सोडा पुरा पडतो, आणि हात राखून आपण त्याहून थोडा कमीच घालतो. शेंगतेलाला मात्र चौदा ग्रॅमही लागत नाही. आता घरात खोबरेल संपलंय, शेंगतेलाचा डबा भरलेला आहे. तेल ते तेल, असं म्हणून कुणी ते ओतलं आणि सोडा मात्र माझ्या मापाने घातला, तर उरलेला सोडा वडीत तसाच राहतो आणि अंगाला लावल्यावर भाजतो. वाटीने माप घेतलं तर याहून वाईट, कारण प्रत्येकाची वाटी वेगळी. म्हणून ‘तेल बदलायचं असेल तर ही कृती सोडून द्या, त्या तेलाचं माप वेगळं असतं’ ही ओळ सामानाच्या यादीतच, तेलाच्या पुढे.

५. सामान मिळालं नाही की माणूस थांबत नाही

वरचीच गोष्ट, पण साबणापुरती नाही. आपल्याकडे कृतीत लिहिलेलं सामान जसंच्या तसं मिळालं असं क्वचित होतं, आणि नाही मिळालं म्हणून कुणी बेत रद्द करत नाही. अडीच चौरस मिलिमीटरची वायर मिळाली नाही तर एकची घालतात. शेगडी त्यावरही तापते, वायरही तापते. मालाच्या पॅलेटचं लाकूड सुंदर दिसतं म्हणून त्याचं पाळणाघरातलं शेल्फ करतात. पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. दुसरं घरात नको. शिक्काच नसेल तर मी तेही घेत नाही. पॅलेट कृतीची सुरुवात करवतीने करण्याऐवजी मी शिक्का शोधण्यापासून करतो.

इथे मला अरविंद गुप्तांचं काम कायम आठवतं. पुण्यात आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी खेळणी केली, त्यांचं सामान बघा. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रं. लोक त्यांची स्वस्ताई वाखाणतात. मला त्यातली दुसरी हुशारी दिसते. त्या सामानात मुलाने काहीही बदल केला, काहीही चुकवलं, तरी फार तर खेळणं चालत नाही. सगळी कामं अशी करता येत नाहीत हे खरं, २३० व्होल्टला रबरी नळीने जोडता येत नाही. तरी नवा प्रकल्प निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हे चुकलं तर नुसतं बंद पडेल, की कुणाला धरेल? बॅटरीवर होण्यासारखं काम मी मेनवर दाखवत नाही.

६. वेग वाढवलेल्या व्हिडिओत थांबणं दिसत नाही

दोन मिनिटं थांबायचं होतं ते एडिटिंगमध्ये अर्ध्या सेकंदाचं झालं, की बघणारा थांबतच नाही. मी ‘थांबा’ असा पडदा काळा करून ठेवतो. दिसायला वाईट दिसतं. रीलमध्ये तर मी विजेचं काम घालतच नाही. तेवढ्याशा वेळात फक्त हात चालताना दिसतात.

७. गार्ड काढून शूटिंग करू नये

“नीट दिसावं म्हणून गार्ड काढलाय, तुम्ही काढू नका.” हे ऐकलं जात नाही, बघितलं जातं.

८. “स्वतःच्या जबाबदारीवर करा” याने काहीच सुटत नाही

कारण धोका करणाऱ्यापुरता नसतो. एक उदाहरण मला फार छळतं. लाइट गेली की जनरेटर किंवा इन्व्हर्टरची लाइन दोन्ही टोकांना पिना लावलेल्या वायरने भिंतीतल्या सॉकेटमध्ये घुसवायची, म्हणजे घरभर उजेड. सोपं वाटतं, आणि शिकवणारे हसत हसत शिकवतात. पहिला धोका तर उघडाच आहे: सॉकेटबाहेरच्या पिना जिवंत. दुसरा दिसत नाही. मेन पाडायचं राहिलं, तर ती वीज उलटी खांबावर जाते, तिथून डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरला. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. अकरा हजारांचं कमी करणारा तो, उलट्या बाजूने दिली की वाढवतो. आणि लाइट गेली म्हणजे त्याच लाइनवर कुणीतरी वायरमन पावसात चढलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्याने कुठल्या कृतीखालच्या अटी वाचल्या होत्या? जोखीम मी घेतो म्हणणारा ती दुसऱ्याच्या वतीने घेत असतो. शेजारच्या फ्लॅटमधली मुलं, भाडेकरू, धुणं वाळत घालणारी आजी, सगळे यात येतात. बदली स्विच लावून हे काम नीट होतं, आणि ते परवानाधारक माणसाने करायचं.

९. काही गोष्टी सांगायच्याच नाहीत

यावर मित्रांशी माझं भांडण होतं. त्यांचं म्हणणं, लोक करणारच आहेत, मग आपण निदान नीट तरी सांगावं. मला हे अर्धंच पटतं. पंखा लोक खोलणारच आहेत, तो नीट कसा खोलायचा ते सांगावं. पण ज्या गोष्टीला ‘नीट’ अशी रीतच नाही, तिथे हा युक्तिवाद चालत नाही.

होस्टेलमधला ब्लेडचा हीटर अनेकांना आठवत असेल. दोन दाढीची ब्लेडं, मध्ये काड्या, आणि पाण्यात सरळ मेनची वीज. पाणीच वायर होतं. हा ‘सुरक्षित’ कसा करायचा? करता येत नाही. त्याची गंमत सांगणाऱ्या आठवणी पुष्कळ. ज्याला धक्का बसला तो आठवणी लिहायला बसत नाही.

दुसरा प्रकार जुन्या मायक्रोवेव्हमधल्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायचा. नक्षी खरोखर देखणी येते, म्हणूनच तो पसरला. तो ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्टच्या आसपास देतो. घरात शॉक बसला की वीज तोडणारी आरसीसीबी बसवलेली असली तरी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला बसलेला शॉक तिला कळतच नाही. अमेरिकेतल्या लाकूड-कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने, २०१७ मध्ये आपल्या कार्यक्रमांत याची प्रात्यक्षिकं बंद केली. या नादात गेलेल्यांची त्यांच्याकडची संख्या पुढे तिसाच्या वर गेली. त्यांच्यात अनुभवी लोकही होते. ऑस्ट्रेलियातल्या ॲन रीअर्डन यांनी २०२२ मध्ये याच्या धोक्याबद्दल सविस्तर व्हिडिओ केला, तर यूट्यूबने तो इशारा देणारा व्हिडिओच धोकादायक म्हणून काढला, आणि ओरड झाल्यावर परत ठेवला. यंत्राला धोका दाखवणं आणि धोक्याबद्दल सांगणं यातला फरक कळत नाही. कृती सांगणाऱ्याने तो काटेकोर पाळायला हवा: इशारा देताना धोका का होतो तेवढं सांगावं, जोडणी दाखवू नये.

तिसरं अगदी अलीकडचं. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये आणि मध्य प्रदेशातल्या इतर भागांत कार्बाइडच्या पाइप-बंदुकीने मोठ्या संख्येने मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. शेतातली माकडं हुसकायला वापरलं जाणारं हे साधन रीलमधून मुलांच्या हाती गेलं. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन निघतो, आणि हा वायू हवेत अडीच टक्के असला तरी पेटतो, सत्तर टक्के असला तरी पेटतो. बार उडाला नाही म्हणून पोरगं नळीत डोकावतं, आणि तेवढ्यात उडतो. त्या नळीचे व्हिडिओ करणारे सगळे काही दुष्ट नव्हते. बऱ्याच जणांनी शेतकऱ्याचा जुगाड म्हणून कौतुकानेच दाखवला असेल. पण बघणाऱ्याचं वय त्यांनी डोळ्यासमोर आणलं नाही. मी गृहीतच धरतो की माझा व्हिडिओ सातवीतला मुलगा एकटा घरी असताना बघतोय.

१०. रेघ कुठे मारायची, हे कायद्याने बऱ्यापैकी सांगून ठेवलंय

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत परवानाधारक ठेकेदाराशिवाय वायरिंगचं काम करू नये असं म्हणताना काही सवलती दिल्या होत्या: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलणं, तेही मूळ वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप न बदलता. मला ही यादी फार शहाणी वाटते. माझे विजेचे व्हिडिओ मी तिच्या आतच ठेवतो. नवा पॉइंट ओढणं, एसीची लाइन, मीटरच्या अलीकडची-पलीकडची जोडणी, हे मी समजावून सांगतो म्हणजे वायरमन काय करतोय ते मालकाला कळावं, पण करून दाखवत नाही.

लोक म्हणतात, एमसीबी बसवली आहे की. सहा अँपिअरची एमसीबी वायर वाचवते. माणूस मरायला एका अँपिअरचा दहावा भाग पुष्कळ झाला, आणि तेवढ्याने ती हलतसुद्धा नाही. माणसासाठी तीस मिलिअँपिअरला पडणारी आरसीसीबी. ती घरात नसेल तर माझा व्हिडिओ बंद करून आधी ती बसवून घ्या, असं मी म्हणतो. किती जण बंद करतात कोण जाणे.

११. “काका, झालं!” असा फोन आला तरी पुढचं विचारावं

काम चालू झालं म्हणजे बरोबर झालं असं विजेत नसतं. साताऱ्याकडचा एक मुलगा मिक्सरच्या कॉर्डला नवी तीन पिनांची टॉप बसवून खुशीत फोन करत होता. मी विचारलं, हिरवी वायर कुठे लावलीस? म्हणाला, “ती उरली काका, कापून टाकली. त्याच्याशिवाय चालतोय मस्त.” चालणारच. अर्थिंगशिवाय सगळं चालतं, फक्त आतली फेज कधी धातूच्या बॉडीला टेकली तर फ्यूजऐवजी हात सापडतो. त्याने माझी कृती पाहून केलं नव्हतं, दुसरीच कुठली तरी होती. पण मी माझी काढून बघितली, तेव्हा तीतही आधी फेज, मग न्यूट्रल आणि शेवटी अर्थिंग असाच क्रम दिसला, सगळे दाखवतात तसा. ज्याला घाई आहे तो शेवटचं सोडतो. टॉपच्या तीन पिनांत अर्थिंगची पिन जाड आणि लांब ठेवतात ती सगळ्यात आधी टेकावी म्हणून. मी व्हिडिओ नव्याने केला. त्यात कॉर्ड सोलली की हिरवी वायर तेवढी बाहेर काढतो, ती वरच्या मोठ्या पिनेला कसून दाखवतो, ओढून बघतो, आणि ते होईपर्यंत बाकीच्या दोन वायर हाताखाली झाकलेल्या असतात.